लाईटीचा भरवसा नाही, मग बॅटरीची गाडी घ्यावी का?

पत्र: मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. राहायला अमळनेर तालुक्यातल्या एका गावात, शाळा पारोळा तालुक्यात. जाऊन-येऊन ४२ किलोमीटर पडतात. माझी पेट्रोलची स्कूटर आता दर महिन्याला काहीतरी काम काढते, म्हणून बॅटरीची घ्यावी असं मनात आहे. सासरे म्हणतात, "लाईटना ठिकाना नही, गाडी कसी चार्ज व्हई?" पुण्याचे दीर म्हणतात, घ्यायचीच तर दारातली २०१६ची डिझेल गाडी काढा आणि सरळ इलेक्ट्रिक कार घ्या. मिस्टरांचं म्हणणं, हे श्रीमंत देशांचे चोचले, आपल्याकडे अजून दहा वर्षं तरी नको. शिवाय सोळा वर्षांच्या मुलीला क्लासला जायला बिनलायसन्सची छोटी बॅटरी स्कूटर स्वस्तात मिळतेय. घर स्वतःचं आहे, गावातच. मागे पत्र्याची शेड आहे. विजेचा वापर हिवाळ्यात महिन्याला ९० युनिट, उन्हाळ्यात १७०-१८०. मळ्यातल्या मोटारीचं बिल माफ आहे. तिथेच गाडी चार्ज केली तर चालेल का?

— एक शिक्षिका, अमळनेर तालुका

उत्तर:

ताई, नमस्कार.

तुमच्या घरात चार माणसांची चार मतं आहेत, आणि खरं सांगायचं तर प्रत्येक जण वेगळ्याच गाडीबद्दल बोलतोय. म्हणून आधी निकाल सांगतो, कारणं मागून. स्कूटर घ्या. कार आत्ता नको. मुलीसाठीची ती स्वस्त स्कूटर तर अजिबात नको. आणि मळ्यातल्या कनेक्शनला हात लावू नका.

सुरुवात नानांपासून करतो (सासऱ्यांना तुम्ही काय म्हणता ते लिहिलेलं नाही, मी आपलं नाना म्हणतो). लाईटीबद्दल त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यांच्या डोळ्यांसमोर मळ्यातली लाईट आहे. शेतीच्या फीडरवर (शेतीसाठीच्या वेगळ्या वीजलाईनीवर) आठ तास वीज, तीही एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, हे ज्याने जन्मभर पाहिलंय त्याला विजेवर गाडी चालवणं वेडेपणाच वाटणार. तुमचं घर मात्र गावात आहे, म्हणजे गावठाणच्या फीडरवर. तिथेही लाईट जाते, पण जाते आणि येते. आता तुमची गरज बघा. ४२ किलोमीटरसाठी चांगल्या स्कूटरला भिंतीतून साधारण दीड युनिट वीज लागते. घरगुती चार्जर ७००-८०० वॅटचा असतो, म्हणजे दोन तासांचं काम. रात्री नऊ ते सकाळी सहा या नऊ तासांत तुम्हाला दोन तास लाईट हवी, तीही सलग नको. मध्ये गेली तर चार्जिंग थांबतं, आली की आपोआप पुढे सुरू होतं. शिवाय ३ युनिटांच्या आसपासची बॅटरी असलेली स्कूटर आपल्या रस्त्यांवर खरोखर ९०-१०० किलोमीटर जाते. एखादी रात्र पूर्ण कोरडी गेली तरी दुसऱ्या दिवशी शाळा बुडत नाही.

अडचण येते ती मृगाच्या आधीच्या वादळात. खांब आडवे होतात, डीपी जळतो, आणि दोन-दोन दिवस गाव अंधारात राहतं. सुदैवाने त्या दिवसांत शाळेला बहुतेक सुट्टीच असते. तरी मे-जूनमध्ये आभाळ भरून आलं की गाडी पूर्ण चार्ज करून ठेवायची सवय लावा. शाळेत चार्ज करू या भरवशावर राहू नका. जिल्हा परिषदेच्या शाळांची बिलं थकतात आणि कनेक्शन कापलं जातं, हे मी तुम्हाला काय सांगावं.

आता मिस्टरांचा मुद्दा. श्रीमंत देशांचे चोचले म्हणताना त्यांच्या मनात नॉर्वे असावा. तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या मोटारींतल्या जवळपास नऊ विजेच्या होत्या, हे खरं. पण नेपाळकडे बघा. तिथे आयात होणाऱ्या नव्या मोटारींत आता बहुसंख्य विजेच्या आहेत, कारण पाण्यावर बनलेली वीज घरची आणि पेट्रोल सगळं बाहेरचं. इथिओपियात तर अजून निम्म्या लोकांच्या घरात वीज नाही, तरी २०२४ मध्ये त्यांनी पेट्रोल-डिझेलच्या मोटारींची आयातच बंद केली. तेलासाठी डॉलर कुठून आणायचे, हा त्यांचा प्रश्न होता. आपणही कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरूनच आणतो.

आणि इतक्या लांब जायचीही गरज नाही. मिस्टरांना जळगाव नाहीतर भुसावळ स्टेशनबाहेर उभं करा आणि बॅटरीच्या रिक्षा बघायला सांगा. देशात नव्याने विकल्या जाणाऱ्या तीनचाकींत निम्म्याहून जास्त आता विजेवरच्या आहेत. त्या घेणारे लोक कोण? दिवसाची कमाई संध्याकाळी मोजणारे. त्यांना पर्यावरणाचं प्रेम आलेलं नाही, पेट्रोल-गॅसचा खर्च वाचतो हे कळलंय. त्यातल्या जुन्या धाटणीच्या रिक्षांच्या लेड-ॲसिड बॅटऱ्या वर्ष-दीड वर्षात बसतात, बदलाव्या लागतात, आणि तरीही हिशेब जुळतो. का जुळतो? कारण गाडी दिवसभर पळते.

सगळी मेख इथे आहे. बॅटरीची गाडी घेताना महाग पडते आणि चालवताना स्वस्त. ती पैसे वाचवते ते फक्त चालताना. जी रोज पळते, ठरलेल्या रस्त्याने पळते आणि रात्री आपल्याच दारात झोपते, ती गाडी बॅटरीची करावी. जी आठवडाभर आंब्याखाली उभी असते, ती करू नये. तुमची स्कूटर पहिल्या जातीतली, डिझेल गाडी दुसऱ्या.

आकडे मांडू. शाळेचे दिवस आणि बाजारहाट धरून वर्षाला दहा हजार किलोमीटर. पेट्रोल शंभराच्या वर आहे, १०५ धरा. जुनी स्कूटर लिटरला ४५ देत असेल तर वर्षाचे २३ हजारांच्या पुढे जातात. बॅटरीच्या स्कूटरला तेवढ्याच अंतराला साडेतीनशेच्या आसपास युनिट लागतील, महिन्याला २८-३०. इथे दुकानदार तुम्हाला एक गंमत करून दाखवतो. तो तुमचं हिवाळ्यातलं बिल घेतो, सरासरी दर काढतो आणि म्हणतो, बघा मॅडम, किलोमीटरला वीस पैसे. तसं नसतं. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांना स्वस्त, आणि १०१ पासून ३०० पर्यंत जवळपास दुप्पट. तुमचे ९० आधीच घरात खर्च होतात, म्हणजे गाडीची युनिटं जवळजवळ सगळी महागड्या टप्प्यात पडणार. वहन आकार आणि वीज शुल्क धरून मी त्याला १४ रुपये लावतो. तरीही वर्षाचे पाच हजारांच्या आत. म्हणजे १८ हजार तरी वाचतात, ऑइल बदलायचा खर्च सोडून.

घेताना फरक किती? चांगल्या कंपनीची, तेवढ्या बॅटरीची स्कूटर रस्त्यावर येईपर्यंत साधारण सव्वा लाखाच्या आसपास जाते. पेट्रोलची लाखाच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे हा फरक पूर्वीपेक्षा थोडा वाढलाच. बॅटरीच्या गाडीवर तो आधीपासून ५ टक्के आहे. तुमच्या वापरात हा फरक दीड वर्षात फिटतो. अनुदानाच्या आशेवर मात्र राहू नका. केंद्राचं अनुदान २०२१ मध्ये बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला, म्हणजे एका युनिटाला, १५,००० रुपये होतं. जून २०२३ मध्ये १०,००० झालं, २०२४ मध्ये ५,००० आणि मग २,५००. आटत जाणारी विहीर आहे ती. राज्याच्या २०२५च्या धोरणात वाहनकर माफ आहे, तेवढा कोटेशनमध्ये लावलेला नाही ना, ते तपासा.

या हिशेबातून बॅटरी बाजूला काढता येत नाही. सात-आठ वर्षांनी ती बदलायची वेळ येऊ शकते आणि आजच्या भावाने पन्नास-साठ हजारांचा खड्डा पडतो. म्हणून वाचलेल्या पैशांतले महिन्याला सहाशे रुपये पोस्टाच्या आरडीत टाका, आणि ते पैसे मुलीच्या फीला काढायचे नाहीत असं आजच घरात सांगून ठेवा. एवढं करूनही तुम्ही फायद्यात आहात.

आता ज्या गोष्टीवर शोरूममध्ये कुणी बोलत नाही ती. माझं अर्धं आयुष्य वायरिंगच्या कामात गेलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

गावातल्या घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण वरच्या मोठ्या भोकामागे बहुतेक वेळा काहीच जोडलेलं नसतं. फ्रिज चालतो, मिक्सर चालतो, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गाडीचा चार्जर मात्र तासन्‌तास सलग ओढतो. काही चार्जर अर्थिंग मिळालं नाही तर सुरूच होत नाहीत, आणि मग लोक म्हणतात गाडीच खराब निघाली. तेव्हा स्कूटर दारात येण्याआधी वायरमन बोलवा. मीटरपासून शेडपर्यंत वेगळी लाईन ओढायला सांगा, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपियरचा सॉकेट, त्याचा स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि गळती पकडणारा आरसीसीबी. आणि अर्थिंग नवीन करून घ्या. खड्डा, पाइप, कोळसा, मीठ, ते काम त्याला माहीत असतं. झाल्यावर आरसीसीबी जोडायच्या आधी त्याला फेज आणि अर्थिंगमध्ये साधा शंभरचा बल्ब लावून दाखवायला सांगा. लख्ख पेटला तर काम पक्कं. पिवळट मिणमिणला तर त्याचे पैसे देऊ नका.

आपल्या काळ्या मातीचा एक त्रास आहे. पावसाळ्यात अर्थिंग उत्तम असतं. मार्च-एप्रिलमध्ये जमीन हातभर भेगाळते, पाइपाभोवतीची माती सुटते, आणि नेमक्या उन्हाळ्यात अर्थिंग मरतं. खड्डा नळाच्या किंवा मोरीच्या जवळ घ्या, आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी ओता. नानांना हे काम दिलंत तर त्यांचा विरोध निम्मा कमी होईल, असा माझा अंदाज.

एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीच लावायची नाही. एका रात्रीत काही होत नाही. महिनाभराने प्लग काढताना पिन गरम लागते, मग सॉकेटभोवती तपकिरी डाग पडतो, मग जळक्या प्लास्टिकचा वास येतो. यातली पहिली खूण दिसली की थांबा, तिसरीची वाट बघू नका. व्होल्टेजही एकदा मोजून घ्या. रब्बीत संध्याकाळी सगळ्यांचं सगळं एकदम चालू असतं, तेव्हा गावाच्या टोकाच्या घरांत बल्ब लाल पडतात. चार्जरवर किती ते किती व्होल्ट चालतात हे छापलेलं असतं. तुमच्याकडे त्याखाली जात असेल तर रात्री अकरानंतर लावा, तोवर लाईन सुधारते.

उन्हाबद्दल तुम्ही काही विचारलं नाहीत याचं नवल वाटलं, कारण खानदेशात बॅटरीचा खरा वैरी तो आहे. मेमध्ये पारा ४५ला टेकतो आणि बॅटरीचं आयुष्य उष्णतेनेच झिजतं. तुमची पत्र्याची शेड दुपारी भट्टी असते. शक्य असेल तर गाडी ओट्यावर, भिंतीच्या सावलीला लावा, नाहीतर शेडच्या पत्र्यावर कडबा तरी टाका. शाळेत निंबाखाली उभी करा, सावली सरकते हे ध्यानात ठेवून. शाळेतून आल्या-आल्या चार्जिंगला लावायची नाही, कारण तेव्हा बॅटरी आतून तापलेली असते. जेवणंखाणं उरकल्यावर लावली की पुष्कळ झालं. रोज शंभर टक्के भरायचाही आग्रह नको. तुमची रोजची रपेट निम्म्या बॅटरीत होते, तेव्हा ८०-९० टक्के पुरे. दुकानात विचारा, बॅटरीतले सेल एलएफपी आहेत की एनएमसी; हे लिथियम सेलचे दोन प्रकार. एलएफपी उष्णता जास्त सोसतात आणि जास्त वर्षं टिकतात, पण जड असतात, म्हणून बहुतेक स्कूटरींत एनएमसी येतात. एनएमसी मिळाली म्हणून नाही म्हणू नका, फक्त वरची पथ्यं पाळा.

२०२२च्या उन्हाळ्यात देशात बॅटरीच्या स्कूटरी पेटल्याच्या बातम्या आल्या होत्या. तुमच्या घरात त्या कुणीतरी काढणारच. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक केले, डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. म्हणून ओळखीने कुणी आधीच्या काळातली सेकंडहँड स्वस्तात देत असेल तर हात जोडा.

पावसाळ्याचं एवढंच, की बॅटरीत साध्या पावसाने किंवा डबक्याने पाणी जात नाही. पण बोरी नदीला किंवा एखाद्या नाल्याला पूर आला आणि फरशीवरून पाणी वाहतंय, तर तिथे पेट्रोलची गाडीही घालायची नसते.

दुरुस्तीसाठी कोणत्या कंपनीकडे जायचं, हे मी सांगणार नाही. एक युक्ती सांगतो. शोरूम बघायला जाऊ नका, तिचं वर्कशॉप बघायला जा, धुळ्याला किंवा जळगावला, आणि सोमवारी सकाळी जा. किती गाड्या धूळ खात उभ्या आहेत ते बघा. आत येणाऱ्या दोन-चार मालकांना विचारा, पार्ट यायला किती दिवस लागतात. टायर, ब्रेक, शॉकॲब्सॉर्बर तुमच्या गावचा मेकॅनिकही करील. मोटर, कंट्रोलर, डिस्प्ले यांना तो हात लावू शकत नाही, तिथे कंपनीचाच माणूस लागतो. त्यामुळे दोनशे किलोमीटरवरचं सर्व्हिस सेंटर असलेली गाडी कितीही छान असली तरी तुमच्यासाठी नाही. बॅटरीची वॉरंटी किती वर्षं, किती किलोमीटर आणि किती टक्क्यांखाली क्षमता गेली तर बदलून देणार, हे लेखी घ्या. वर्षाला दहा हजार किलोमीटर म्हणजे ५० हजारांची वॉरंटी तुमची पाच वर्षांतच संपते. जास्तीचे पैसे भरून वाढवून मिळत असेल तर वाढवा. या एका बाबतीत कंजुषी नको.

मळ्यातल्या विजेचं. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीज मोफत आहे, ती पंपासाठी. त्या मीटरवरून गाडी चार्ज करणं म्हणजे मंजूर कारण सोडून भलत्याच कारणाला वीज वापरणं. विद्युत कायदा २००३च्या कलम १२६ मध्ये ते बसतं आणि आकारणी दुप्पट दराने होते. तुमची गाडीची सगळी वीज महिन्याला चारशे रुपयांची. तेवढ्यासाठी शिक्षिकेने भरारी पथकाला तोंड द्यायचं का?

वीज फुकटच हवी असेल तर छतावर बघा. पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० आणि दोनला ६०,००० रुपये अनुदान आहे. आपल्याकडच्या उन्हात एक किलोवॅट रोज सरासरी चार युनिटं देतं, म्हणजे गाडी आणि उन्हाळ्यातला कूलर दोन्ही निघतात. दिवसा तुम्ही आणि गाडी शाळेत असता, पण नेट मीटरमुळे दिवसाची वीज लाईनीत जाते आणि हिशेबात रात्रीच्या विजेतून वजा होते. घाई मात्र नाही. आधी वर्षभर गाडी वापरा, बिल बघा, मग ठरवा.

तुमच्या मुलीने विचारलं तर तिला सांगा की आपली वीज मुख्यतः कोळशाचीच आहे. भुसावळजवळ दीपनगरच्या चिमण्या तिने पाहिल्या असतील. तरीही विजेची मोटर वाया फार कमी घालवते, त्यामुळे हिशेब गाडीच्या बाजूनेच लागतो. फक्त जाहिरातीत दाखवतात तितकी हिरवीगार ती नाही.

दीर पुण्यात राहतात, हे त्यांच्या सल्ल्यातूनच कळतं. तिथे रोज चाळीस-पन्नास किलोमीटर गाडी चालते, सोसायटीत चार्जर असतो, आणि वाटेत बंद पडली तर तासात माणूस येतो. तुमची गाडी वर्षाला किती चालते? पत्रात लिहिलेलं नाही. मी आठ हजार किलोमीटर धरतो. वणीचा गड, दोन-चार लग्नं, धुळ्याचा दवाखाना, आणि खानदेशातल्या प्रत्येक घराचं कुणी ना कुणी सुरतेला असतंच, तिकडची एखादी फेरी. डिझेलला किलोमीटरला पाच रुपये जातात. विजेला घरी दोन रुपये, वाटेत फास्ट चार्जरवर तीनच्या आसपास. म्हणजे वर्षाला वीस-बावीस हजार वाचतील. त्यासाठी नऊ-दहा लाखांची गाडी घ्यायची, आणि त्या कर्जाचं नुसतं व्याज पहिल्या वर्षी सत्तर-ऐंशी हजार! हे गणित तुम्ही पाचवीच्या वर्गाला घातलंत तरी मुलं सोडवतील.

पैशापलीकडेही अडचण आहे. या किमतीच्या छोट्या इलेक्ट्रिक कार एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन खऱ्या दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर जातात. सुरत तुमच्याहून अडीचशेच्या आसपास, आणि मध्ये साक्रीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट. महामार्गांवर हॉटेलांजवळ, पंपांवर चार्जर आता दिसतात, पण बऱ्याच ठिकाणी एकच गन असते, म्हणजे एका वेळी एकच गाडी चार्ज होते. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सगळा खानदेश एकदम रस्त्यावर येतो, लेकी माहेरी निघालेल्या असतात. त्या दिवशी ४४ अंशात, पुढे दोन गाड्यांचा नंबर, आणि मागच्या सीटवर नाना. कल्पना करा, म्हणजे मला अधिक लिहावं लागणार नाही. सुरतेला जायला अमळनेरहून ताप्ती लाईनची रेल्वे आहेच.

मी कारच्या विरोधात नाही. धुळे-जळगावमध्ये राहून रोज साठ-सत्तर किलोमीटर करणारा डॉक्टर किंवा व्यापारी असेल आणि घरात दुसरी गाडी असेल, तर त्याला मी आजच घे म्हणेन. तुमची २०१६ची डिझेल गाडी नोंदणीची पंधरा वर्षं भरायला अजून अवकाश आहे. तिची सर्व्हिसिंग वेळेवर करा आणि वापरा. २०३० च्या सुमारास पुन्हा पत्र लिहा, तोवर बॅटऱ्या आणि चार्जर दोन्ही बदललेले असतील.

राहिली मुलगी. बिनलायसन्सची म्हणून जी विकतात, त्या गाडीचा वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि मोटर २५० वॅटची हवी. तेवढीच असेल तर नोंदणी, लायसन्स काही लागत नाही, हे बरोबर. पण पारोळा-अमळनेर रस्त्यावर २५च्या वेगाने जाणारी स्कूटर आणि मागून कापसाने भरलेला ट्रक, हे दृश्य मला तरी बघवत नाही. आणि दुकानदार कानात सांगतो, "मॅडम, लॉक काढून देतो, पन्नासला जाते." लॉक काढलं की ती कायद्याने मोटार वाहन झाली. नंबर नाही, विमा नाही, मुलीकडे लायसन्स नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ पासून अशा वेळी पालक दोषी धरला जातो, २५ हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद. त्यात या स्वस्त गाड्यांत बऱ्याचदा लेड-ॲसिड बॅटरी असते, ती आपल्या उन्हात दुसरा उन्हाळा क्वचितच बघते.

ग्रामीण भागातल्या बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत शाळा-कॉलेजला जायला एसटीचा पास मोफत मिळतो. तिचा पास काढलेला नसेल तर या आठवड्यात कॉलेजमधून दाखला घेऊन अमळनेर आगारात जा. क्लासची वेळ बसच्या वेळेशी जुळत नसेल तर क्लासवाल्या सरांशी बोला. गावातल्या आणखी दोन-तीन मुलींच्या आया बरोबर घेतल्यात तर ते बॅच बदलून देतील.